'मार्टी' आणि दूरचित्रवाणीचे नाटक: एका अल्पायुषी वाङ्मयप्रकाराचा विचार

वाङ्मयाच्या इतिहासात काही प्रकार दीर्घायुषी असतात, तर काही एखाद्या पिढीच्या डोळ्यांदेखत जन्मतात, बहरतात आणि लोप पावतात. अमेरिकेतील दूरचित्रवाणीचे नाटक हा दुसऱ्या जातीचा प्रकार होय. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तो आकारास आला, १९५३ ते १९५६ या काळात त्याचा उत्कर्ष झाला आणि १९६० साल उजाडले तेव्हा तो जवळजवळ संपला होता. अवघ्या दहा-बारा वर्षांचे हे आयुष्य! एवढ्या अल्पावधीत त्याने दिलेल्या काही कृती आजही अभ्यासनीय आहेत. आमच्या साहित्यसंस्थांतून मात्र दूरचित्रवाणीचा विषय निघाला की तो अभिरुचीच्या अधःपाताची तक्रार करण्यापुरताच निघतो. ती तक्रार सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याची परीक्षा केली नाही त्याचा निषेध करणे हे समीक्षेचे काम नव्हे. यास्तव या प्रकारातील एक कृती घेऊन ती नाटक म्हणून कितपत उतरते ते पाहावे, आणि असा प्रकार का टिकला नाही या प्रश्नाचे उत्तर शोधावे, असा या लेखाचा हेतू आहे. ती कृती म्हणजे पॅडी चायेफ्स्की यांचे 'मार्टी'.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. फायलो फार्न्सवर्थ यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे ७ सप्टेंबर १९२७ रोजी विद्युत्कणांच्या साहाय्याने एक साधी रेषा दूरच्या पडद्यावर उमटवली. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आले. महायुद्धामुळे त्याचा प्रसार लांबला. पण युद्ध संपताच तो वणव्यासारखा झाला. १९५० साली अमेरिकेतील शंभर घरांपैकी सुमारे नऊ घरांत दूरचित्रवाणी संच होता; १९५५ साली सुमारे पासष्ट घरांत, आणि १९६० साली सुमारे सत्त्याऐंशी घरांत. कोणत्याही कलामाध्यमाला इतक्या थोड्या वर्षांत इतका श्रोतृवर्ग लाभल्याचे उदाहरण त्यापूर्वीच्या इतिहासात आढळत नाही. मुद्रणकलेला जे साधण्यास शतके लागली ते येथे दहा वर्षांत साधले.

आरंभीच्या वर्षांत बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कमधून होत. ते शहर रंगभूमीचे शहर. म्हणून तेथील नट, दिग्दर्शक आणि लेखक या नव्या घरात सहज शिरले. 'फिल्को टेलिव्हिजन प्लेहाउस', 'स्टुडिओ वन', 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर' अशा नावांनी दर आठवड्यास एक स्वतंत्र नाटक सादर होई. पात्रे नवी, कथा नवी, लेखकही बहुधा नवा. सारे घडत असतानाच प्रक्षेपित होई; चुकले तर पुन्हा करण्याची सोय नव्हती. तासाभराचे नाटक संपले की ते संपले. त्याची जी काही छाया आज उरली आहे ती किनेस्कोप नावाच्या पद्धतीमुळे, म्हणजे संचाच्या पडद्यापुढे चित्रपटाचा कॅमेरा ठेवून केलेल्या ओबडधोबड मुद्रणामुळे.

रविवार, २४ मे १९५३ रोजी रात्री एन.बी.सी. या प्रक्षेपणसंस्थेच्या नाट्यकार्यक्रमात 'मार्टी' सादर झाले. निर्माते फ्रेड को, दिग्दर्शक डेल्बर्ट मान. रॉड स्टायगर यांनी नायकाची व नॅन्सी मर्शांड यांनी नायिकेची भूमिका केली. लेखक चायेफ्स्की त्या वेळी तीस वर्षांचे होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जन्मलेले आणि वाढलेले.

कथा सांगण्यासारखी फारशी नाहीच, आणि तोच तिचा पहिला विशेष. मार्टी हा ब्रॉन्क्समधील छत्तीस वर्षांचा खाटीक. इटालियन कुटुंबातला, अंगाने स्थूल, रूपाने सामान्य. धाकट्या भावंडांची लग्ने झाली आहेत. हा वडील भाऊ मात्र आईजवळ राहिला आहे. दुकानात मांस घ्यायला आलेल्या बायका त्याला विचारतात, तू केव्हा लग्न करणार. आई विचारते, शेजारी विचारतात. शनिवारची संध्याकाळ आली की तो आणि त्याचा मित्र अँजी एकमेकांना तोच तो प्रश्न विचारीत बसतात की आज काय करायचे, आणि त्याचे उत्तर दोघांपैकी एकापाशीही नसते. आईच्या आग्रहास्तव तो नृत्यगृहात जातो. तेथे एक तरुण आपल्याबरोबर आलेल्या मुलीला कंटाळून तिला दुसऱ्याच्या गळ्यात बांधू पाहतो, आणि तिला घरी पोचवण्यासाठी मार्टीला पाच डॉलर देऊ करतो. मार्टी नकार देतो. ती मुलगी, एका शाळेतील शिक्षिका, बाहेरच्या लोखंडी जिन्यावर जाऊन रडू लागते. मार्टी तिच्याजवळ जातो. दोघे नाचतात, बोलतात, रस्त्याने हिंडतात. दुसऱ्या दिवशी मित्र तिच्या रूपाची चेष्टा करतात. जी आई त्याला लग्न कर म्हणून पाठीमागे लागली होती तीच आता त्या मुलीत दोष काढते. दिवसभर मार्टी डळमळतो, आणि शेवटी टेलिफोन करण्यासाठी उठतो. येथे नाटक संपते.

आता प्रश्न असा की, यात नाट्य कोठे आहे? आमच्या मते ते दोन ठिकाणी आहे, आणि दोन्ही ठिकाणी लेखकाची पकड थक्क करणारी आहे.

पहिले ठिकाण आईचे. उपकथानकात मार्टीची मावशी आहे. ती मुलाच्या घरात सुनेला नकोशी झाली आहे, म्हणून बहिणीकडे राहायला येते. ती विधवा बहिणीला सांगते की आज तुझा मुलगा तुझा आहे, पण त्याचे लग्न झाले की तुझेही घर रिकामे होईल. एवढे ऐकताच त्या भाबड्या आईच्या मनात भीती शिरते, आणि जे सुख तिने मुलासाठी मागितले होते तेच तिला शत्रूसारखे वाटू लागते. चायेफ्स्कींनी तिला दुष्ट केले नाही. तिचा स्वार्थ तिला स्वतःलाही कळत नाही. ती मुलीच्या वयाविषयी, ती इटालियन नसण्याविषयी बोलते आणि आपण मुलाच्या हिताचेच बोलत आहोत असे तिला मनापासून वाटते. प्रेम आणि भय यांची अशी सरमिसळ ज्याने आपल्या घरात पाहिली नाही असा वाचक विरळाच. सासू, सून आणि विधवा आई यांचा हा त्रिकोण आपल्या कथाकादंबऱ्यांतही शेकडो वेळा आला आहे. पण त्यातील प्रत्येक कोनाला न्याय देणारे लेखक थोडेच.

दुसरे ठिकाण संवादांचे. ही माणसे बोलतात ती पुस्तकी इंग्रजी नव्हे. इटलीहून आलेल्या आईबापांची वाक्यरचना, गल्लीतल्या मुलांची शब्दकळा आणि दमलेल्या माणसाची पुनरुक्ती यांतून ती भाषा बनली आहे. मुलखाबाहेर राहून घरची बोली जपणाऱ्या, आणि ती जपताना तिला आसपासच्या भाषांचा रंग चढलेला पाहणाऱ्या आपल्या वाचकांस तिचे मोल विशेष कळेल. पुनरुक्ती हा सामान्यतः लेखनाचा दोष मानला जातो. येथे ती नाटकाची रचनाच आहे. आरंभी जे प्रश्न दुकानातल्या बायका मार्टीला विचारून त्याला लाज आणतात, तेच प्रश्न अखेरीस मार्टी आपल्या अविवाहित मित्राला विचारतो. शब्द तेच, पण ते आता सुटका झालेल्या माणसाच्या तोंडी आहेत, म्हणून त्यांचा अर्थ पालटतो. आणि त्याबरोबर थोडीशी क्रूरताही त्यात येते, हे लेखकाने लपवलेले नाही. दुःखातून नुकताच बाहेर पडलेला माणूस ते दुःख दुसऱ्याच्या दारी ठेवून जातो, हे निरीक्षण सुखान्त नाटकाच्या शेवटच्या क्षणी करणारा लेखक सामान्य नव्हे.

आपल्या साहित्यशास्त्रात साधारणीकरणाचा जो सिद्धांत आहे त्याची येथे आठवण होते. व्यक्तीचे दुःख तिचे एकटीचे न राहता सहृदयाच्या अनुभवाचे होते, तेव्हा रस निर्माण होतो. परंतु प्राचीन नाट्यात या प्रक्रियेला नायकाच्या उदात्ततेचे साहाय्य असे. 'मार्टी'मध्ये ते साहाय्य नाही. नायक राजा नाही, वीर नाही, देखणा नाही. तो आईला सांगतो की मुलींना जे आवडते ते माझ्यापाशी नाही, हे मी आता मान्य केले आहे. अशा माणसावर लक्षावधी लोकांचे मन जडावे, यात माध्यमाचा वाटा किती?

तो पुष्कळ आहे, असे आम्हांस वाटते. त्या काळचा पडदा लहान होता, चित्र धूसर होते. त्यावर लढाया, डोंगर, गर्दी दाखवण्यात अर्थ नव्हता. त्यावर शोभे ते मनुष्याचे मुख. रंगभूमीवर दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाच्या ओठाचे कापणे दिसत नाही. चित्रपटगृहात तेच मुख भिंतीएवढे होऊन अलौकिक वाटू लागते. दूरचित्रवाणीवर ते साधारण आपल्या मुखाएवढे, आपल्या बैठकीच्या खोलीत, कुटुंबातील माणसांच्या मध्ये दिसते. शिवाय समोर चाललेले सारे या क्षणी कोठेतरी खरोखर घडत आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असे. साधने तुटपुंजी, जागा अपुरी, वेळ मोजका. जाहिरातींचा वेळ वगळता तासातील पन्नासेक मिनिटेच लेखकाच्या वाट्यास येत. या मर्यादांतूनच एकांकिकेजवळ जाणारा, पण तिच्याहून अधिक चपळ असा प्रकार घडला. वृत्ताचे बंधन जसे कवीला घडवते तसेच हे झाले.

'मार्टी' हे एकटे उदाहरण नव्हे. २० सप्टेंबर १९५४ रोजी 'स्टुडिओ वन'ने रेजिनल्ड रोझ यांचे 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' सादर केले. एका खोलीत बसलेले बारा पंच, एका मुलाचा जीव, आणि एकट्याचा विरोध. एवढ्याच सामग्रीवर ते उभे आहे. १९५७च्या चित्रपटामुळे ते जगभर गेले, आणि बासू चटर्जी यांच्या 'एक रुका हुआ फैसला' या १९८६च्या हिंदी रूपाने आपल्याकडेही परिचित झाले. रॉड सर्लिंग यांचे 'पॅटर्न्स' १२ जानेवारी १९५५ रोजी झाले, आणि त्याचे असे स्वागत झाले की महिनाभरात तेच नट पुन्हा बोलावून ते पुन्हा प्रत्यक्ष करण्यात आले. 'मार्टी'चा चित्रपट १९५५ साली निघाला. अर्नेस्ट बोर्गनाइन यांनी नायकाचे काम केले. कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान त्याला मिळाला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचे पारितोषिकही. हे शेवटचे पारितोषिक वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच्याशी आपल्याला पुढे काम पडणार आहे.

मग असा प्रकार लयास का गेला? सर्वांत सोपे उत्तर असे दिले जाते की लोकांची अभिरुची हीन. त्यांना नाटक नको होते, करमणूक हवी होती. हे उत्तर शिक्षकांना आणि साहित्यिकांना फार आवडते, कारण त्यात आपला दोष काहीच नसतो. परंतु पुरावा त्याला पुरेसा अनुकूल नाही. रविवारी रात्री कोट्यवधी घरांत जे लोक 'मार्टी'सारखी नाटके पाहत होते ते कोणी वेगळे लोक नव्हते. आमच्या मते कारणे दुसरीकडे शोधली पाहिजेत.

अमेरिकेत हे माध्यम पहिल्यापासून जाहिरातीच्या पैशावर उभे होते. कार्यक्रमाच्या नावातच बहुधा प्रायोजकाचे नाव असे. तो तास त्याचा मानला जाई. अमेरिकन प्रसारणाचे इतिहासकार एरिक बार्नो यांनी एक मार्मिक विरोध दाखवला आहे. जाहिरातीच्या जगात प्रत्येक दुःखावर उपाय आहे. तो बाटलीत किंवा डबीत मिळतो आणि मिनिटभरात गुण देतो. नाटकाच्या जगात दुःख स्वभावातून, नात्यांतून, परिस्थितीतून येते आणि त्यावर तोडगा सापडतोच असे नाही. ही दोन जगे एकाच तासात शेजारी शेजारी नांदणे कठीण होते. एकाचे खरे मानले तर दुसरे खोटे वाटू लागते. आणि तास कोणाच्या पैशाचा, हे उघड होते.

यातून जे घडले त्याची दोन उदाहरणे पुरेत. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णी मुलाची हत्या झाली आणि आरोपी निर्दोष सुटले. सर्लिंग यांनी त्या प्रसंगावरून स्फुरलेले नाटक लिहिले. दक्षिणेतील ग्राहक दुखावतील या भयाने त्यात बदलांवर बदल झाले. २५ एप्रिल १९५६ रोजी 'नून ऑन डूम्सडे' या नावाने ते दिसले तेव्हा स्थळ उत्तरेकडील न्यू इंग्लंड झाले होते आणि मूळ घटनेची ओळख पुसली गेली होती. दुसरे उदाहरण १६ एप्रिल १९५९चे. 'प्लेहाउस ९०' या कार्यक्रमात ॲबी मान यांचे 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग' झाले. विषय नात्सी न्यायाधीशांवरील खटल्याचा. एक प्रायोजक होती वायुपुरवठा करणाऱ्या कंपन्यांची संघटना. म्हणून ज्या विषारी वायूने लक्षावधी ज्यू मारले गेले त्याचा उच्चार संवादात येताच प्रक्षेपणात तो आवाज बंद करण्यात आला. नटांचे ओठ हलले. शब्द ऐकू आला नाही. मानवजातीच्या इतिहासातील एका भीषण अपराधाचे नाव एका धंद्याच्या सोयीसाठी गिळले जावे, याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

सर्लिंग यांनी पुढे 'द ट्वायलाइट झोन' ही अद्भुतकथांची मालिका सुरू केली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी तिचा आरंभ झाला. परग्रहावरची माणसे, भुताटकीची गावे यांच्या आडून त्यांनी वंशद्वेष, झुंडशाही आणि भय यांविषयी पुष्कळ बोलून घेतले. आपल्या अलंकारशास्त्रात यालाच अन्योक्ती म्हणतात: बोलायचे एकाला, संबोधायचे दुसऱ्याला. अन्योक्तीचे काव्य मोठे असू शकते. पण जेथे सरळ बोलण्यास वाव नाही तेथेच ती बहुधा फोफावते, हेही विसरू नये.

आर्थिक कारणेही बलवत्तर होती. प्रत्यक्ष नाटक एकदा झाले की संपले. चित्रफितीवर घेतलेली मालिका पुन्हा पुन्हा विकता येते. १९५१ साली सुरू झालेल्या 'आय लव्ह लूसी'ने हा मार्ग दाखवला. हळूहळू निर्मिती न्यूयॉर्कहून हॉलिवुडकडे सरकली. 'स्टुडिओ वन' आणि 'क्राफ्ट थिएटर' १९५८ साली थांबली. 'प्लेहाउस ९०'चा नियमित क्रम १९६० साली संपला. त्यांच्या जागी घोडेस्वारांच्या आणि गुप्तहेरांच्या मालिका आल्या. ९ मे १९६१ रोजी दळणवळण आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी प्रक्षेपणसंस्थांच्या चालकांपुढेच त्यांच्या कार्यक्रमांना विस्तीर्ण उजाड माळाची उपमा दिली. पीक कापून नेल्यावरचे ते वर्णन होते.

परंतु या इतिहासातील सर्वांत बोचरा प्रसंग अजून सांगायचा आहे. आणि तो शिक्षकांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे. १९५५ पासून अमेरिकेत मोठ्या बक्षिसांच्या प्रश्नोत्तर स्पर्धांचे वेड लागले. 'ट्वेंटी-वन' ही त्यांपैकी एक, एन.बी.सी.वरच होणारी. तिच्यात हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा एक विद्यार्थी आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. त्याला उत्तरे आधी शिकवली जात. इतकेच नव्हे, तर ढगळ सूट कसा घालावा, कपाळाचा घाम कसा टिपावा, हेही सांगितले जाई; कारण त्याने गरीब, ओबडधोबड, सामान्य माणूस दिसावे अशी योजना होती. पुढे प्रेक्षक त्याला कंटाळत आहेत असे वाटताच त्याला हरण्याची आज्ञा झाली. ५ डिसेंबर १९५६ रोजी त्याला प्रश्न आला: १९५५चा सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणता? उत्तर होते 'मार्टी'. स्टेम्पेलने तो चित्रपट अनेकदा पाहिला होता. तो त्याचा आवडता होता. ठरल्याप्रमाणे त्याने चुकीचे उत्तर दिले.

योगायोग म्हणून हा प्रसंग सोडून देता येत नाही. 'मार्टी'ने साडेतीन वर्षांपूर्वी याच संस्थेच्या पडद्यावर एका कुरूप, घाम पुसणाऱ्या, सामान्य माणसाचे मुख जवळून दाखवले होते, आणि पाहणाऱ्यांच्या मनात त्याच्याविषयी अनुकंपा जागवली होती. आता त्याच माध्यमाने, त्याच जवळून दाखवण्याच्या युक्तीने, सामान्य माणसाचे सोंग उभे केले, ते त्याच्याविषयी तिटकारा वाटावा म्हणून. एक खोटे असून खरे होते. दुसरे खरे म्हणून दाखवलेले खोटे होते. कल्पित कथा प्रेक्षकाशी करार करते की हे कल्पित आहे, आणि त्या कराराच्या आत सत्य सांगते. त्या स्पर्धेने करारच मोडला.

ज्याच्याकडून स्टेम्पेल हरला तो होता चार्ल्स व्हॅन डोरेन, कोलंबिया विद्यापीठातील इंग्रजीचा तरुण अध्यापक. प्रसिद्ध कवी व प्राध्यापक मार्क व्हॅन डोरेन यांचा मुलगा. देखणा, विनयशील, बहुश्रुत. तो मार्च १९५७ पर्यंत जिंकत राहिला. सुमारे एक लक्ष एकोणतीस हजार डॉलर त्याने मिळवले. साप्ताहिकांनी त्याची चित्रे मुखपृष्ठांवर छापली. देशभरच्या आईबापांना तो विद्येचा आदर्श वाटला. त्यालाही उत्तरे आधी दिली जात होती. २ नोव्हेंबर १९५९ रोजी संसदेच्या उपसमितीपुढे त्याने हे कबूल केले. त्याची विद्यापीठातील जागा गेली. १९६० साली अशा स्पर्धांतील फसवणूक कायद्याने गुन्हा ठरली.

त्याच्या साक्षीत एक गोष्ट होती जी आम्हांस वारंवार आठवते. निर्मात्याच्या माणसाने त्याचे मन वळवताना पैशाची गोष्ट केलीच. पण त्याबरोबर असेही पटवले की तुझ्या येण्याने शिक्षकांची आणि विद्येची प्रतिष्ठा वाढेल, शिक्षणाची सेवा होईल. वर्गात आयुष्य घालवलेल्या माणसाला या युक्तिवादाची धार कळते. विद्येला समाजात मान नाही ही आपली जुनी खंत. तो मान मिळवण्यासाठी थोडे खोटे चालेल, असे कोणी आपल्या कानात सांगितले तर आपण काय करू? पाहुण्या अधिकाऱ्यापुढे आधी घोकून घेतलेले धडे हुशार मुलांकडून म्हणवून घेणारा शिक्षक लहान प्रमाणावर तेच करतो. पुण्यकार्यासाठी केलेले असत्य, हे सर्वांत मोहक असत्य होय.

आता आमच्या मांडणीवर घेता येण्यासारखे आक्षेप पाहिले पाहिजेत. पहिला असा की हा तथाकथित सुवर्णकाळ स्मरणाने उजळलेला आहे. दर आठवड्यास होणाऱ्या नाटकांपैकी बहुसंख्य सामान्य दर्जाची होती आणि विस्मृतीत गेली. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. मात्र कोणत्याही वाङ्मयाचे मूल्य त्याच्या सरासरीवरून ठरत नाही. दुसरा आक्षेप असा की त्या काळच्या पडद्यावर कृष्णवर्णी अमेरिकनांना फारसे स्थान नव्हते, म्हणून सामान्य माणसाचे नाटक ही पदवी अपुरी आहे. हा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि टिलच्या प्रसंगाने तो सिद्धच होतो. 'मार्टी'ची सहानुभूती खरी होती; पण तिला कोठपर्यंत जाऊ द्यायचे हे दुसरे कोणी ठरवत होते. तिसरा आक्षेप विनोदी मालिकांच्या बाजूने येतो. ल्यूसिल बॉल यांचा अभिनय कलेच्या दृष्टीने कमी कसा? तो कमी नाहीच. विनोदाला दुय्यम मानण्याची चूक आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की विनोद राहिला आणि करुण गेला, याचे कारण प्रेक्षकांत नसून दुकानदारीत होते.

याची उलट बाजूने मिळणारी साक्षही लक्षणीय आहे. १९९९ साली एच.बी.ओ. या वाहिनीवर 'द सोप्रानोज' ही मालिका सुरू झाली. ही वाहिनी वर्गणीवर चालणारी. तिला जाहिरातदार नव्हता. तेथे कुटुंब, आई, मुलगा आणि इटालियन वस्ती यांचे असे चित्र आले की समीक्षकांनी त्यास कादंबरीच्या पंक्तीस बसवले. त्यातील आईची, मुलाला प्रेमाने आणि द्वेषाने गुदमरवणाऱ्या वृद्धेची, भूमिका कोणी केली? १९५३ साली 'मार्टी'तील शिक्षिका झालेल्या नॅन्सी मर्शांड यांनीच. सेहेचाळीस वर्षांनी तोच विषय त्याच माध्यमात परतला, तो प्रायोजक बाजूला झाल्यावर. बंधनांपैकी कोणते कलेला घडवते आणि कोणते मारते, याचे उत्तर येथे मिळते. पडदा लहान असणे, वेळ थोडा असणे ही बंधने 'मार्टी'ला उपकारक झाली. बोलण्यावर मालकी दुसऱ्याची असणे हे बंधन मारक ठरले.

चायेफ्स्की यांचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १९७६ साली त्यांनी 'नेटवर्क' हा चित्रपट लिहिला. नोकरी जाणार म्हणून पडद्यावरच आत्महत्या करण्याची घोषणा करणारा वृत्तनिवेदक आणि त्याच्या वेडाचा प्रेक्षकसंख्येसाठी उपयोग करून घेणारी संस्था, असा त्याचा विषय. त्यास पटकथेचे अकादमी पारितोषिक मिळाले, आणि आज तो भविष्यवाणीसारखा वाचला जातो. आम्हांस तो कौशल्याने लिहिलेला परंतु संतप्त वाटतो. त्यात माणसे भाषणे करतात. 'मार्टी'मध्ये माणसे अडखळतात. ज्या घरात आपण जन्म दिला त्याच घराला तेवीस वर्षांनी आग लावणाऱ्या लेखकाची वेदना आम्ही समजू शकतो. पण दोहोंतून एक निवडायचे तर आम्ही अडखळणाऱ्या खाटकाचीच बाजू घेऊ.

एका गोष्टीची खंत मात्र राहते. या नाटकांना त्यांच्या काळात समीक्षक फार थोडे लाभले. वृत्तपत्रांतून जॅक गूल्डसारखे टीकाकार नेटाने लिहीत होते, गिल्बर्ट सेल्डिस यांनी ग्रंथ लिहिले; पण विद्यापीठांतील साहित्याचे अध्यापक या पडद्याकडे बहुधा पाठ फिरवून बसले होते. चायेफ्स्की यांनी १९५५ साली आपली नाटके स्वतःच्या विवेचनासह पुस्तकरूपाने छापली, म्हणून ती संहिता म्हणून आपल्या हाती आहेत. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'च्या मूळ प्रक्षेपणाचे संपूर्ण मुद्रण २००३ साली कोठे सापडले. किती तरी नाटकांचे तेही उरले नाही. ज्यांनी ती वाचून, वाखाणून, दोष दाखवून जपायची ते गप्प राहिले. आणि जेव्हा व्यापाऱ्यांनी ती बंद केली तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणारा वजनदार आवाज फारसा उठला नाही.

आमच्या वर्गातील मुले आज घरी जाऊन पडद्यावर काही ना काही पाहतातच, आणि तो पडदा आता मुठीत मावेल एवढा झाला आहे. त्यांना ते पाहू नका असे सांगून आपले कर्तव्य संपत नाही. ज्या चिकित्सेने आपण त्यांना कविता वाचायला शिकवतो, त्याच चिकित्सेने त्यांना विचारता आले पाहिजे: हे कोण बोलत आहे, कोणाच्या पैशाने बोलत आहे, आणि ज्या माणसाचे मुख मला दाखवले जात आहे त्याच्याविषयी माझ्या मनात अनुकंपा जागवली जात आहे की तिटकारा? 'मार्टी' मिळवून एकदा वरच्या वर्गातील मुलांसह पाहावे, आणि मग त्यांना आईच्या बाजूने बोलायला सांगावे, अशी आमची सूचना आहे. परिषदेच्या सभासदांपैकी कोणी हा प्रयोग केल्यास त्यांचा अनुभव या नियतकालिकात वाचावयास आम्हांस आनंद वाटेल.